काचेतला समुद्र आणि टाकून दिलेला गाळ

समुद्राच्या पाण्यात वाढणाऱ्या हिरवळीविषयी लिहिताना समुद्री शेवाळ आणि समुद्री गवत हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु त्यांच्यातील भेद ध्यानात घेतल्याशिवाय घरगुती सागरी जलजीवालयाचा इतिहास नीट उलगडत नाही. शेवाळाला खरी मुळे नसतात; आवश्यक ती सर्व द्रव्ये ते सर्वांगाने पाण्यातूनच शोषून घेते, आणि खडकाला धरून राहणारा त्याचा तळचा भाग हा पकड घेण्यापुरताच असतो. समुद्री गवत ही मात्र पूर्णार्थाने सपुष्प वनस्पती आहे. जमिनीवरच्या एकदलिकित वनस्पतींच्या पूर्वजांपैकी काही सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्यात परतले आणि त्यांच्यापासून आजच्या साठ-सत्तर जाती निर्माण झाल्या. त्यांना पाने असतात, आले-हळदीच्या खोडाप्रमाणे गाळाखालून आडवे सरपटत जाणारे मूलक्षोड असते, त्याच्या पेरांपेरांतून फुटणारी मुळे असतात, आणि बहुतेक जातींत फुलोऱ्यापासून परागीभवनापर्यंतचे सारे पाण्याखालीच घडते. शेवाळाला खडक पुरतो, तर गवताला गाळ लागतो. या एका गरजेमुळे समुद्री गवत काचेच्या पेटीत येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला, कारण सागरी जलजीवालयाच्या इतिहासाच्या मोठ्या भागात गाळ हा पोसण्याचा नव्हे, काढून टाकण्याचा पदार्थ मानला गेला.

काच आणि समुद्री गवत यांचा संबंध याहून कितीतरी जुना आहे, पण तो उलट्या दिशेचा. भूमध्य समुद्रातील पोसिडोनिया या गवताची वाळलेली पाने व्हेनिसचे कारागीर काचसामान बांधताना भरण म्हणून वापरीत, आणि त्यामुळे जुन्या लॅटिन वनस्पतिग्रंथांत त्याला काचकारांचे शेवाळ अशा अर्थाचे नाव पडले होते. म्हणजे तेथेही गवताची गणना शेवाळातच झाली. उत्तर युरोपातील झोस्टेरा या गवताचे उपयोग आणखी घरगुती होते. डेन्मार्कच्या लेसो बेटावर त्याने घरे शाकारली जात, हॉलंडमध्ये ते समुद्राला अडवणाऱ्या बांधांत घातले जाई, शिवाय गाद्या-गिरद्यांतही भरले जाई. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली त्याचे नामकरण केले ते पट्टा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, कारण त्याची पाने लांब व पट्ट्यासारखी चपटी असतात. किनाऱ्यावरच्या माणसाला हे गवत ठाऊक होते ते मुख्यतः लाटांनी काठावर आणून टाकलेल्या, वाळलेल्या रूपात. जिवंत गवत पाण्याखाली काय काम करते याचा विचार फारसा कोणी केलेला नव्हता.

सागरी जीव काचेआड जिवंत ठेवण्याचे पहिले पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आहेत आणि त्यांत दोन स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मूळची फ्रान्सची आणि कपडे शिवण्याचा व्यवसाय केलेली जान व्हिलप्रू-पॉवर विवाहानंतर सिसिलीतील मेसिना येथे राहू लागली, आणि आर्गोनॉट या कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहणाऱ्या अष्टपादाचे निरीक्षण करण्यासाठी तिने १८३२ साली काचेच्या टाक्या तयार करवून घेतल्या. हा प्राणी आपला शिंपला स्वतः घडवतो की दुसऱ्या एखाद्या प्राण्याचा रिकामा शिंपला बळकावतो, हा त्या काळी वादाचा विषय होता. तो स्वतःच घडवतो आणि फुटल्यास सांधतोही, हे तिने जिवंत प्राण्यांवरून सिद्ध केले. तिच्या टाक्या समुद्राच्या अगदी काठी होत्या, त्यामुळे ताजे पाणी हवे तेव्हा मिळे. समुद्रापासून दूर, शहरातील घरात खारे पाणी दीर्घकाळ जिवंत कसे ठेवावे, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता.

तो प्रश्न लंडनमध्ये ॲना थिन हिच्यापुढे उभा राहिला. तिने १८४६ साली डेव्हन परगण्यातील टॉर्की येथून मॅड्रेपोर, म्हणजे चुन्याच्या कठीण पेल्यात एकेकटे राहणारे प्रवाळप्राणी, जमवले आणि पाण्याने भरलेल्या दगडी बरणीत घालून लंडनला नेले. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत आणि पाणी त्यांच्या चहूबाजूंनी खेळावे म्हणून तिने ते सुई-दोऱ्याने एका मोठ्या स्पंजावर टाचून घेतले होते. घरी पोहोचल्यावर ताज्या समुद्रजलाचा पुरवठा कठीण झाला, तेव्हा उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतत राहण्याचे काम मोलकरणीकडे आले. पडत्या पाण्यात हवा मिसळते एवढेच त्यामागचे तत्त्व होते, आणि सागरी जलजीवालयाच्या इतिहासातील पहिला हवापंप म्हणजे त्या बाईचे दोन हात होत. पुढच्या वर्षी थिनने पाण्यात जिवंत शेवाळ घातले आणि तिचे प्रवाळ नुसते तगलेच नाहीत, तर वाढलेही. तिचा वृत्तांत मात्र १८५९ साली, म्हणजे या छंदाचे श्रेय इतरांच्या नावावर जमा होऊन गेल्यानंतर, प्रसिद्ध झाला.

वनस्पती आणि प्राणी यांनी एकमेकांची हवा शुद्ध करावी, ही कल्पना अठराव्या शतकातील रसायनशास्त्राने दिली होती. जोसेफ प्रीस्टली याने १७७० नंतरच्या दशकात दाखवले की मेणबत्तीने वा उंदराने बिघडवलेली बंद हवा पुदिन्याच्या रोपाने पुन्हा श्वसनयोग्य होते, आणि यान इंगेनहाउस याने १७७९ साली दाखवले की हे काम वनस्पती केवळ उजेडातच करतात. त्याचा पाण्यातील पडताळा लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संघातील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने घेतला. त्याने गोड्या पाण्याच्या सुमारे १२ गॅलनांच्या पात्रात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. प्रारंभी सारे सुरळीत चालले, पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागताच पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने पाणगोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने खाल्ली, त्यांच्या अंड्यांवर मासे जगले, आणि पाणी निवळले. १८५० साली रसायनशास्त्रीय संस्थेपुढे त्याने मांडलेला हा त्रिकोण फार मोलाचा होता. विशेष हे की वॉरिंग्टनचे यश केवळ प्राणवायूच्या हिशेबावर अवलंबून नव्हते, कुजणाऱ्या द्रव्याचे पुढे काय होते याही प्रश्नावर ते अवलंबून होते. परंतु त्याच्या वाचकांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा जवळजवळ विसरून टाकला.

वॉरिंग्टनने १८५२ पासून हाच प्रयोग खाऱ्या पाण्यात सुरू केला आणि त्यात त्याला असे आढळले की डोळ्यांना मोहवणारी लाल शेवाळे टाकीत लवकर मरून सडतात, तर ओहोटीच्या पट्ट्यातील साधी हिरवी शेवाळे, विशेषतः उल्व्हा हे पानाच्या तुकड्यासारखे पातळ शेवाळ, उत्तम काम देतात. जवळपास त्याच सुमारास प्रकृतिस्वास्थ्यासाठी डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेलेला निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस हाही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाकडे येत होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मे १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले, त्यासाठी प्राणी पुरवणाऱ्यांत गॉस होता. आणि १८५४ साली त्याने लिहिलेल्या ‘द ॲक्वेरियम’ या ग्रंथामुळे हा छंद आणि त्याचे नाव दोन्ही इंग्लंडभर पोहोचले. या नावाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लॅटिनमध्ये ॲक्वेरियम म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची जागा. गॉसने त्या शब्दाला नवा अर्थ दिला, पण तो पाण्याशीच जोडलेला ठेवला. मराठीत रूढ झालेला मत्स्यालय हा शब्द मात्र माशाला पुढे आणतो, आणि पेटीतला मुख्य रहिवासी मासाच असला पाहिजे अशी समजूत त्या शब्दातच बसलेली आहे. परिभाषेतील जलजीवालय हा शब्द बोजड असला तरी अधिक खरा आहे.

या लाटेला अनुकूल अशी परिस्थिती आधीच तयार झाली होती. इंग्लंडमधील काचेवरचा कर १८४५ साली रद्द झाल्याने मोठे काचपत्रे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले होते, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचू लागली होती, आणि नेथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरने प्रचारात आणलेल्या बंद काचपेट्यांत नेचे वाढवण्याचा छंद दिवाणखान्यांत आधीच रुळला होता. खाऱ्या पाण्याचा प्रश्न काहींनी आगबोटींच्या खलाशांकरवी नदीमुखाबाहेरचे पाणी पिपांतून मागवून सोडवला. गॉसने त्यावर रासायनिक उपाय सुचवला. समुद्रजलाच्या उपलब्ध पृथक्करणावरून त्याने शंभर भागांत मीठ ८१, एप्सम क्षार ७, मॅग्नेशियम क्लोराइड १० आणि पोटॅशियम क्लोराइड २ असे मिश्रण ठरवले, आणि चुन्याचा क्षार मुद्दाम वगळला, कारण तो लंडनच्या पाण्यात आधीच असतो. हे पाणी तयार होताच त्याने प्राणी सोडले नाहीत. आधी हिरवी शेवाळे घातली, त्यांच्या अंगावर प्राणवायूचे बुडबुडे दिसू लागेपर्यंत आणि पाणी जीवनयोग्य होईपर्यंत काही दिवस वाट पाहिली, मग प्राणी आणले. टाकीत काय घालावे याइतकाच ते कोणत्या क्रमाने घालावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे त्याला उमगले होते, आणि त्याच्या अनुयायांपैकी फार थोड्यांनी ते ऐकले.

गॉसच्या पद्धतीत शेवाळ गोळा करण्याची रीत अशी होती की ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावरून, हातोडी आणि छिन्नीने, शेवाळ ज्या खडकाच्या कपच्यावर वाढले असेल त्या कपच्यासह ते काढावे. उपटलेले शेवाळ जगत नाही. ही रीत शेवाळासाठी बरोबर होती. टॉर्की ज्या उपसागराच्या काठी वसले आहे त्याच उपसागराच्या उथळ वाळूत झोस्टेराची कुरणे होती, परंतु त्यांना छिन्नी लागू पडत नाही. झोस्टेराचा झुबका ओढला की पाने हातात येतात, मूलक्षोड तुटते, आणि ज्या काळ्या गाळात मुळे गुंतलेली असतात तो समुद्रातच राहतो. तो गाळ कोणी घरी आणला असता, तरी दिवाणखान्यात त्याचे स्वागत झाले नसते. प्राणवायूविरहित गाळात सूक्ष्मजीव सल्फेटाचे रूपांतर हायड्रोजन सल्फाइडमध्ये करतात, त्यामुळे तो काळा पडतो आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. टाकीच्या तळाशी असा काळा डाग दिसला की व्हिक्टोरियन गृहस्थ ती आपत्तीची खूण मानत असे, आणि थोड्या पाण्याच्या, दाटीने भरलेल्या टाकीत ती बहुधा आपत्ती असेही. ज्या द्रव्यात समुद्रातील एकमेव सपुष्प वनस्पतीची मुळे खेळतात, तेच टाकीच्या मृत्यूचे लक्षण ठरले, आणि गवताला काचेबाहेर ठेवणारे खरे कारण हे होते.

१८५० नंतरच्या दशकातील या छंदाची दुसरी बाजू किनाऱ्यावर दिसते. टाक्या भरण्यासाठी समुद्रफुले, खेकडे, तारामासे आणि प्रवाळ टोपल्या भरभरून नेले जात, त्यांतले बहुतेक काही दिवसांत मरत, आणि त्यांच्या जागी नवे आणले जात. विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने लंडनमध्ये रीजेंट्स पार्कजवळ थाटलेल्या दुकानात टाक्यांपासून जिवंत प्राण्यांपर्यंत सर्व काही विकले जाई आणि त्याची १८५८ ची सचित्र किंमतसूची हा त्या काळच्या हौसेचा उत्तम दस्तऐवज आहे. पुढे गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या आपल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात, वडिलांच्या ग्रंथांनीच जागवलेल्या हौसेने डेव्हनचे ओहोटीचे डोह कसे लुटले गेले, याची वेदना नोंदवली. वडिलांना त्याचा मनापासून खेद होता असेही त्याच्या लेखनातून दिसते, आणि तो खेद खोटा मानण्याचे काही कारण नाही: गॉसला त्या डोहांचे प्रेम होते, आणि पुस्तकाचे यश इतके मोठे असेल याची कल्पना त्याला असणे शक्य नव्हते.

लॉइड हा दुकानदार म्हणून टिकला नाही, परंतु जलजीवालयांचा बांधणीकार म्हणून त्याची दृष्टी समकालीनांपेक्षा खोल होती. त्याने हँबुर्गच्या आणि १८७१ साली उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या जलजीवालयात जी पद्धत वापरली तिचे सार असे की दर्शनी टाक्यांपेक्षा कित्येक पट मोठा, थंड व अंधारा हौद जमिनीखाली ठेवावा, आणि त्यातील पाणी अखंड टाक्यांतून फिरवत राहावे. पाणी बदलायचे नाही, थांबूही द्यायचे नाही. आजही सार्वजनिक जलजीवालये याच तत्त्वावर उभी असतात. मात्र या विजयाबरोबर वनस्पतीचे स्थान घसरले. प्राणवायू जर पंप आणि वाहते पाणी देत असतील, तर शेवाळाची गरज उरत नाही, आणि अंधाऱ्या हौदात हिरवे काही वाढतही नाही. घरगुती टाकीचा जोर तोवर ओसरला होता. १८६० नंतरच्या दशकात लोकांनी आपल्या टाक्या रिकाम्या करून त्यांत पुन्हा नेचे लावले.

टाक्या का मरत, याचे उत्तर त्या पिढीला मिळणे शक्यच नव्हते, कारण त्यासाठी आवश्यक असलेला एक शोध अजून लागायचा होता. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया सुटतो आणि तो थोड्या प्रमाणातही जीवघेणा असतो. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी विषारी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू मातीत, वाळूत आणि दगडांच्या पृष्ठांवर राहतात. हे रूपांतर जीवजन्य आहे हे फ्रान्समध्ये १८७७ साली दाखवले गेले, आणि सर्गेई विनोग्राद्स्की याने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. नायट्रेटचे पुढे निरुपद्रवी नत्रवायूत रूपांतर करणारे जीवाणू मात्र प्राणवायूविरहित जागी, म्हणजे नेमके गाळाच्या खोल थरात, काम करतात. व्हिक्टोरियन समतोलाच्या सिद्धान्तात प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड यांची देवाणघेवाण होती, नत्राचा हिशेब नव्हता, आणि म्हणून तळ घासूनपुसून स्वच्छ ठेवणारा काळजीवाहू गृहस्थ आपल्याच हातांनी टाकीचे अर्धे प्राण काढून टाकत असे.

समुद्री गवताकडे शास्त्राचे लक्ष वळले ते जलजीवालयामुळे नव्हे. डेन्मार्कमध्ये योहानेस पेटरसन या मत्स्यशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी झोस्टेराच्या कुरणांचा माशांच्या उत्पादनाशी संबंध मोजण्याचा प्रयत्न केला. पण या गवताचे मोल जगाला कळले ते त्याच्या नाशातून. १९३०–३२ च्या सुमारास अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर झोस्टेराच्या पानांवर काळपट डाग पडून कुरणेच्या कुरणे मरू लागली आणि थोड्याच काळात त्यांचा फार मोठा भाग नाहीसा झाला. त्यावर जगणाऱ्या ब्रांट हंसांची संख्या घटली, वाळू वाहून जाऊ लागली, आणि त्या पानांवरच राहणारी एक लहान समुद्रगोगलगाय कायमची नामशेष झाली. लॅबिरिन्थुला या सूक्ष्मजीवाशी या रोगाचा संबंध निश्चितपणे जोडण्यास त्यानंतर अर्धशतक लागले. जगातील सर्व समुद्री गवतांचा एकत्रित शास्त्रीय आढावा घेणारा कॉर्नेलिस डेन हार्टॉग याचा ग्रंथ १९७० चा आहे. शेवाळांचे तसे आढावे त्याच्या शतकभर आधीपासून उपलब्ध होते, यावरून या उपेक्षेची लांबी ध्यानात येते.

खाऱ्या पाण्याचा घरगुती छंद दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा वर आला, आणि १९६० नंतरच्या दशकात गंजणाऱ्या लोखंडी चौकटीऐवजी सिलिकोनने सांधलेल्या काचा व तयार सागरी क्षारांची पाकिटे यांनी त्याला बळ दिले. पेटीतील दृश्य मात्र निर्जीव होते: ब्लीच करून पांढरे केलेले मृत प्रवाळ, धुतलेली खडी, रंगीत मासे, आणि माशांचे रोग घालवण्यासाठी पाण्यात तांबे, जे कणाहीन प्राण्यांना विषासमान असते. या रीतीला छेद देणारा लेख १९६१ साली इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग याने लिहिला. त्याने समुद्रातून जिवंत खडक, म्हणजे ज्यांच्या छिद्राछिद्रांत जीवाणू, शेवाळे आणि लहान प्राणी वसलेले असतात असे सच्छिद्र दगड, आणून टाकीत रचले, त्यावर ऊन पडू दिले, पाणी केवळ हवेच्या बुडबुड्यांनी हलते ठेवले, आणि तेवढ्यावर प्रवाळ व मासे दोन्ही जगवले. ज्याच्या दारातच समुद्र आहे त्याला हे सुचावे यात नवल नाही. पुढे मोनॅकोत जाँ जोबेर याने वाळूच्या जाड थराखाली स्थिर पाण्याची पोकळी ठेवून त्या थरातच नायट्रेट नाहीसे होऊ दिले, आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी याने शेवाळाच्या दाट गालिच्यावरून पाणी फिरवून ते शुद्ध करण्याची पद्धत बसवली. या सगळ्या प्रयोगांनी एक गोष्ट एकत्रितपणे साधली: तळ पुन्हा जिवंत मानला गेला. समुद्री गवताची टाकी शक्य झाली ती त्यानंतर.

अशी टाकी मांडण्याची आजची रीत या इतिहासाच्या प्रकाशात पाहिली की तिची प्रत्येक पायरी पूर्वीच्या एखाद्या चुकीचे उत्तर वाटते. प्रथम येतो तळ: सुमारे १० ते १५ सेंटिमीटर जाडीची बारीक, चुनखडीयुक्त वाळू आणि तिच्यात मिसळलेला थोडा सेंद्रिय गाळ, कारण गवत अमोनियम व फॉस्फेट ही आपली अन्नद्रव्ये मोठ्या प्रमाणात मुळांतून घेते, आणि पाणीच पौष्टिक केले तर लाभ शेवाळाचा होतो, गवताचा नव्हे. हा थर काही आठवडे, शक्य तर काही महिने, तसाच मुरू द्यावा लागतो. खारेपणा मोजण्यासाठी विशिष्ट गुरुत्व, म्हणजे त्याच आकारमानाच्या शुद्ध पाण्याच्या तुलनेत वजन, सुमारे १.०२५ ठेवतात, बाष्पीभवनात पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. प्रकाश भरपूर लागतो: पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा एक टक्का मिळाला तरी कित्येक शेवाळे तगतात, तर समुद्री गवताला सरासरी अकरा टक्क्यांच्या आसपास लागतो, कारण प्रकाश न मिळणारी मुळे आणि मूलक्षोड यांचे पोट त्याला पानांच्या कमाईवरच भरावे लागते.

रोप लावताना मूलक्षोडाचे टोक, जिथून नवी वाढ होते, ते शाबूत असावे आणि त्याच्याभोवतीचा मूळचा गाळ शक्य तेवढा बरोबर यावा, हे यशापयश ठरवणारे असते. लागवडीनंतर जुनी पाने झडतात आणि टाकी उजाड वाटू लागते. या काळात रोप मेले असे समजून ते उपटणे ही नेहमीची चूक आहे, कारण जमिनीखाली मुळांची घडी बसत असते. गवताच्या पानांतून मुळांपर्यंत हवेच्या बारीक नलिका गेलेल्या असतात. दिवसा पानांत तयार झालेला प्राणवायू त्यांतून खाली उतरतो आणि मुळांतून झिरपून त्यांच्याभोवती एक पातळ प्राणवायुयुक्त वेष्टन तयार करतो, ज्यामुळे भोवतालच्या काळ्या गाळातील सल्फाइडचे विष मुळांपर्यंत पोहोचत नाही. निसर्गात या कामी आणखी एक साथीदार असतो: २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दाखवले गेले की गवताच्या मुळांजवळ राहणाऱ्या ल्युसिनिड कुळातील लहान शिंपल्यांच्या कल्ल्यांत सल्फाइडवर जगणारे जीवाणू असतात आणि ते गाळातील विष कमी करून गवताला मदत करतात, तर गवत त्यांना प्राणवायू पुरवते. वॉरिंग्टनच्या गोगलगायींची ही दूरची भावंडे म्हणता येतील.

प्राणी भरण्याचा क्रमही असाच तळाकडून वर जातो. आधी वाळूतले किडे आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी, मग पानांवर साचणारे शेवाळ खरवडणाऱ्या लहान समुद्रगोगलगायी, कारण हा थर जाड झाला की पानाचा उजेड अडतो. मग एखादी कोळंबी, आणि शेवटी, कित्येक महिन्यांनी, पाण्यात पानासारखा उभा राहणारा नळीमासा किंवा समुद्रघोडा. गवत खाणारे समुद्री साळ, तळ उकरणारे मासे आणि जोमदार शिकारी या टाकीत बसत नाहीत. समुद्रघोड्यांविषयी एक महत्त्वाची बाब सांगणे आवश्यक आहे: भारतात २००१ साली समुद्रघोडे व नळीमासे यांचे संपूर्ण कुळ आणि प्रवाळांचे अनेक गट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आले, आणि त्यांना समुद्रातून उचलणे हा गंभीर गुन्हा आहे. गॉसच्या काळी डेव्हनच्या डोहांना असे संरक्षण नव्हते. ओहोटीच्या जागांवरून उचलेगिरी करून टाकी भरणे जिथे आज शक्यही आहे तिथेही ते टाळावे, एवढे तरी त्या डोहांच्या वाट्याला आलेल्या हालांनी शिकवले आहे.

भारतातील पहिले सार्वजनिक सागरी जलजीवालय मद्रास येथे १९०९ साली उघडले, आणि मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झाले. मराठी घरांतील अनेक पिढ्यांनी काचेआडचा समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथेच. समुद्री गवताची भारतातील सर्वांत विस्तीर्ण कुरणे पाल्कची सामुद्रधुनी व मन्नारचे आखात येथे आहेत, आणि त्यांवर चरणाऱ्या समुद्रगायीसाठी तमिळनाडू शासनाने २०२२ साली पाल्क उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरांचे राखीव क्षेत्र घोषित केले. लक्षद्वीपच्या उथळ सरोवरांत मात्र हिरव्या कासवांची संख्या वाढून त्यांनी काही कुरणे मुळापर्यंत चरून टाकल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे, म्हणजे कुरण आणि चरणारा यांचा मेळ समुद्रातही आपोआप राहतो असे नाही.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर असे विस्तीर्ण कुरण नाही, कारण पावसाळ्यात नद्या जो गाळ आणि गोडे पाणी आणतात त्यात उजेड खोलवर पोहोचत नाही. तरीही येथल्या खाड्यांत, खारफुटीच्या कडेला, भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलावर हॅलोफिला बेकारी ही जात वाढते. समुद्री गवतांच्या अतिप्राचीन वंशांपैकी एका वंशातली ही जात आज जागतिक पातळीवर असुरक्षित मानली जाते. तिची पाने जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची, झुपक्यांनी येणारी; मूलक्षोड दोऱ्याएवढे बारीक, आणि सारा पसारा बोटभर चिखलात. उधाणाच्या दिवशी ओहोटी दूरवर सरते तेव्हा ती उघडी पडते, आणि बांधावरून पाहणाऱ्याला चिखलावर पसरलेला तो हिरवट डाग अजूनही शेवाळाचाच वाटतो.